पडवळ सिस्टरांचं बोट

आमच्या हॉस्पिटलात निरोप समारंभ कुणालाही मिळतो. जनरेटर बघणाऱ्या माणसाला मिळाला, ज्यानं निम्मी नोकरी जनरेटरच्या मागं झोपून काढली. शाल, नारळ, चिक्कीचा डबा, ट्रस्टींचं भाषण, सगळं. एका डॉक्टरांना तर दोनदा मिळाला, कारण पहिल्यांदा गेले ते दुसरीकडं जमलं नाही म्हणून परत आले. आणि पडवळ सिस्टर तीस वर्षं वॉर्डात उभ्या राहिल्या, शेवटच्या दिवशी चादरींच्या खोलीची किल्ली माझ्या खिडकीत ठेवली आणि चालत गेटबाहेर गेल्या. कुणी साधा चहा विचारला नाही. मी हे बोलले की लोक म्हणतात, "शैला, जाऊ दे ना आता, किती दिवस तेच?" का म्हणून जाऊ दे? तुमच्या तोंडात चिक्की होती, म्हणून तुम्हाला जाऊ देता येतं. मला येत नाही.

मी केस पेपरच्या खिडकीत बसते. लोणावळ्यातलं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. पेशंट आला की पहिला माझ्यासमोर येतो. नाव, गाव, वय, काय होतंय. एवढं मी लिहिते आणि कागद आत जातो. आतले सगळे आधी तो कागद वाचतात, मग माणसाकडं बघतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

सिस्टर परंदवडीच्या. घरी भातशेती, मुलगा सोमाटण्याच्या बाजूला कंपनीत. तो सकाळी त्यांना गाडीवरून बेगडेवाडी स्टेशनला सोडायचा, आणि मीही तिथूनच चढायचे, म्हणून आमची ओळख हॉस्पिटलापेक्षा लोकलमधली जास्त. "नाव पडवळ आणि अंगानं दुधी भोपळा," असं त्या स्वतःच म्हणायच्या, पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याची खैर नव्हती. दर सोमवारी गाडी सुटली की पर्समधून नेलकटर काढायच्या आणि कामशेत येईपर्यंत दहाही नखं मुळापर्यंत साफ. एकदा समोरची बाई नाक मुरडून म्हणाली, "अहो, गाडीत काय नखं कापता?" सिस्टर मान वर न करता म्हणाल्या, "तुझ्या पोटावर हात ठेवायची येळ येईल तवा कळंल." त्या बाईनं मळवली यायच्या आधीच जागा बदलली.

चहा त्या प्यायच्या कमी, धरायच्या जास्त. पेशंट तपासायचा असला की कॅन्टीनमधून काचेचा ग्लास मागवायच्या, दोन्ही तळहातांत धरून उभ्या राहायच्या, आणि हात चांगले तापले की ग्लास जो कुणी जवळ असेल त्याच्या हातात द्यायच्या. "गार हात लागला की पोट दचकतं," म्हणायच्या. "दचकलेलं पोट खोटं बोलतं." त्यांनी धरलेला कोमट चहा मी किती प्यायले असेन त्याला हिशोब नाही.

आणि त्यांचं ते बोट. कुणीही पोट धरून आला की त्या एकच वाक्य बोलायच्या. "हात नको फिरवू. बोट ठेव. एक बोट."

तुंगार्लीच्या तळ्याकडच्या एका बंगल्यात उतरलेले साहेब एकदा आले. बरोबर पाच-सहा मित्र, बाहेर तीन गाड्या, आणि आल्या आल्या आरडाओरडा, इथं सिनियर कोण आहे, मला ताबडतोब पुण्याला हलवा. सिस्टर ग्लास धरून शांत उभ्या. म्हणाल्या, "साहेब, दुखतंय तिथं एक बोट ठेवा." साहेबांनी छातीपासून खालपर्यंत, इकडून तिकडं, सगळ्या पोटावर हात फिरवला. "बोट म्हणाले मी." पुन्हा हात फिरवला. सिस्टरांनी मित्रांकडं वळून विचारलं, "काल काय काय खाल्लं यांनी?" यादी सांगायला त्यांना पाच मिनिटं लागली. "ज्याला बोट ठेवता येत न्हाई त्याला बहुतेक वेळा संडासची वाट दाखवायची असती," असं सिस्टर मला नंतर म्हणाल्या. साहेब तासाभरात हसत हसत गेले, पण जाताना वरती तक्रार करायला विसरले नाहीत.

बोटाइतकंच त्यांना शब्दाचं वेड होतं. पोट दुखण्याला आपल्याकडं किती शब्द आहेत हे मला त्यांच्यामुळं कळलं. कळ, मुरडा, चमक, ठणका, आग, गोळा. "कळ म्हंजी पाहुणी," त्या वाल सोलता सोलता सांगायच्या. "येती, बसती, जाती. परत येती. ठणका तसा न्हाई. तो बिऱ्हाड करतो. एकदा आला की उठत न्हाई. बाई तोंडानं काय म्हणती ते ऐक, निम्मी तपासणी तितंच झाली. पर आपले लोक काय करतात? बाई म्हणती ठणका, नवरा म्हणतो दुकतंय, सासू म्हणती पित्त, आन् कागदावर येतं भलतंच."

मी हसायचे. कागद कोण लिहितं ते दोघींनाही माहीत होतं.

पोटुशी बाई आली की मात्र त्यांची थट्टा बंद व्हायची. आपल्या भागात पोटुशी बाई "पोट दुखतंय" म्हणाली की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येतं, कळा सुरू झाल्या. पण पोटुश्या बाईलाही अपेंडिक्स असतंच की. ते सुजलं तर ओळखायचं कसं? उलट्या होतात, तर म्हणे पोटुशी आहे, होणारच. भूक मेली, तर म्हणे डोहाळे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढल्या, तर म्हणे गरोदरपणात वाढतातच. प्रत्येक खुणेला एक तयार उत्तर. एकदा लोकलच्या बाकड्यावर त्यांनी मला सगळं मांडून दाखवलं होतं. डब्याची पिशवी मधे ठेवली, तिच्या उजव्या अंगाला खाली वालाची शेंग. मग पिशवीत पदराचा बोळा, माझी ओढणी, शेजारणीचा स्वेटर असं एकेक कोंबत गेल्या. पिशवी फुगली तशी शेंग वर सरकली. "बघ. पुस्तकात खाली, बाईत वर. डॉक्टर खाली दाबतो, तितं काय लागत न्हाई, आन् बाईला घरी धाडतो." शेजारीण स्वेटर परत मागत होती, तिलाही त्यांनी सगळं ऐकवल्याशिवाय सोडलं नाही.

त्यांची एक युक्ती मी डोळ्यांनी पाहिली. एक अंगणवाडीच्या बाई पाचव्या महिन्यात पोट धरून आल्या होत्या. मी कागद द्यायला आत गेले तर सिस्टरांचा ग्लास माझ्या हातात आला आणि मी तिथंच अडकले. सिस्टरांनी त्यांना बोट ठेवायला लावलं, बरोबर तिथं स्वतःचं बोट ठेवलं, आणि बोट न उचलता म्हणाल्या, "आता डाव्या कुशीवर वळा, सावकाश." बाई वळल्या. पोटातलं बाळ पिशवीसकट डावीकडं कललं, बोट होतं तिथंच. "आता?" बाई कळवळल्या, "तिथंच." सिस्टरांनी डॉक्टरांना बोलावून सांगितलं, "बाळ सरकलं, दुखणं सरकलं न्हाई. दुखणं बाळाचं न्हाई." त्याच दिवशी ऑपरेशन झालं. महिने भरल्यावर मुलगा झाला, पेढे आले. पेढे डॉक्टरांच्या केबिनमधे गेले हे वेगळं सांगायला नको.

आता त्या एका सोमवारचं सांगते.

भातकापणीचे दिवस होते. सिस्टर शनिवारपासून रजेवर, बुधवारी यायच्या होत्या. गावात जोडून सुट्टीची गर्दी, घाटात पडलेले, दरीत घसरलेले, जास्त प्यायलेले, सगळे माझ्या खिडकीत. रांग गेटपर्यंत. त्या रांगेतून डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक सासू-सून पुढं आली. सुनेचं नाव चांगुणा, वय वीस-एकवीस, सहावा महिना. रात्री कधीतरी दुखायला लागलं म्हणून पहाटेच निघालेल्या, दोन तास उतरून, मग जीप. पहिलटकरीण होती, आणि लग्नाला चार वर्षं झाली होती. सासूनं हे सगळं मी न विचारता सांगितलं, कारण त्या पोरासाठी घर डोळे लावून बसलं होतं.

"काय होतंय?" मी विचारलं.

"पोट दुकतंय तिचं, बाय," सासू म्हणाली.

चांगुणा खिडकीच्या गजाला धरून वाकून उभी होती. उजवा हात बरगडीखाली रुतवलेला. ती म्हणाली, "ठणाकतंय."

मी ऐकलं. हे मी कुठंही सांगताना गाळत नाही. मला स्वच्छ ऐकू आलं, तिचा आवाज बारीक होता तरी. आणि माझ्या हातानं लिहिलं, "सहावा महिना. पोटात कळा." कारण पोटुशी बाई आणि पोट दुखणं हे दोन शब्द एकत्र आले की माझं पेन आपोआप "कळा" लिहायचं. मागचा माणूस ओरडत होता, पुढचा कागद घेतला, झालं.

आतल्या ड्युटीच्या डॉक्टरांनी कागद वाचला. कळा आहेत, लवकर आहेत, थांबवल्या पाहिजेत. पोट आवळू नये म्हणून इंजेक्शन दिलं, सलाईन लावली, उलटीची गोळी दिली. तिनं दोनदा उलटी केली तर म्हणाले, नॉर्मल आहे. संध्याकाळी पोट आवळत नाहीये, म्हणजे कळा थांबल्या, म्हणून घरी पाठवलं. थांबल्या! सुरू कधी झाल्या होत्या? माणसानं पोटाला हात लावून बघितलं असतं तर कळलं असतं की ते आवळतच नव्हतं. हात लावला नाही असं मी म्हणत नाही. कागद वाचून हात लावला, असं म्हणते.

बुधवारी सकाळी तिला डोलीत घालून खाली आणलं. नवरा, दीर, वाडीतले दोघं, आळीपाळीनं खांदा देत. अंग भाजत होतं. सिस्टर नुकत्याच ड्युटीवर आल्या होत्या, भाताच्या पातीनं कापलेल्या बोटांना पट्ट्या होत्या. ग्लास मागवला. चांगुणाला म्हणाल्या, "बाळा, एक बोट ठेव." तिनं ठेवलं, आणि मग ते बोट उचलून हात सगळ्या पोटावर ठेवला. "परवा हितं व्हतं. आता समदीकडं." सिस्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी पोटावर तळहात ठेवला, अगदी हलका, आणि लगेच काढला. पोट फळीसारखं झालं होतं.

ड्युटीच्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं. ते म्हणाले, लेबर परत सुरू झालंय. त्या म्हणाल्या, "सर, हे लेबर न्हाई." ते म्हणाले, पांढऱ्या पेशी गरोदरपणात वाढतातच सिस्टर. "तापपण गरोदरपणात येतो का?" सोनोग्राफी झाली. बाळ उत्तम, ठोके उत्तम, अपेंडिक्स दिसलं नाही. "दिसलं नाही सिस्टर, काय करू मी?" "दिसलं न्हाई म्हंजी न्हाई असं न्हवं, सर. एवढ्या पोटात ते सोनोग्राफीला घावत न्हाई कितीदा. मोठ्या सर्जनला फोन करा." ते म्हणाले, सर आज तळेगावला आहेत, त्यांना असं कशालाही उठवता येत नाही, दुपारपर्यंत बघू. सिस्टर माझ्या खिडकीत आल्या, माझा फोन उचलला आणि सर्जनना स्वतः लावला. एवढंच बोलल्या, "सर, सहावा महिना, उजवीकडचा ठणका, आता सगळं पोट फळी झालंय. तुम्ही निघा. नसाल निघणार तर तसं सांगा, मी पुण्याची गाडी बोलावते."

ते निघाले. ते आल्यावर पुण्याला नेऊन एमआरआय करायचा विषय निघाला तर म्हणाले, तो सोमवारी करायचा होता, आता वाटेत वेळ घालवत नाही. सिस्टरांनी चांगुणाच्या उजव्या कुशीखाली चादरीची जाड घडी सरकवली, म्हणजे बाळाचा भार आईच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडू नये. पोट उघडलं तर अपेंडिक्स केव्हाच फुटलं होतं. पोटात पू होता. तो सगळा धुऊन काढला, आणि चांगुणा वाचली.

बाळ शुक्रवारी गेलं. पोटातल्या जहरानं खऱ्या कळा शुक्रवारी आल्या, आणि मुलगी जन्मून तासभर राहिली. कुणी म्हणालं, आईला दाखवू नका. सिस्टरांनी त्याला वॉर्डाबाहेर काढलं, मुलगी धुतली, दुपट्यात गुंडाळली आणि चांगुणाच्या कुशीत दिली. दुसऱ्या दिवशी चांगुणाला दूध आलं. त्याचं काय करायचं हे आमच्या कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

आणि मग मीटिंग. पुढच्या सोमवारी दुपारी, वरच्या हॉलमधे. वाडीतल्या लोकांच्या बाजूनं कुणीतरी अर्ज दिला होता, म्हणून वर पाठवायला अहवाल हवा होता. तो मीटिंगच्या आधीच टाईप झालेला होता. मला ऑफिसातून निरोप आला की त्या बाईचा सोमवारचा केस पेपर सापडत नाहीये ना, तर सापडत नाही असं लिहून दे, बुधवारचा आहे तो पुरे. अहवालात एक ओळ होती, जी आमच्याकडं इतक्यांदा वापरली जाते की ती टाईप करायचीही गरज नाही, शिक्काच करून घ्यावा. "रुग्णास उशिरा आणण्यात आले."

उशिरा! दोन तास डोंगर उतरून पहिल्याच दिवशी आलेल्या बाईला उशिरा! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी काय केलं? काही नाही. पेशंट घरी गेला की कागद परत माझ्याकडंच येतो. सोमवारचा कागद माझ्या ड्रॉवरमधे होता, ड्रॉवरला कुलूप होतं, किल्ली माझ्या गळ्यात होती. संतापायला मी पटकन संतापते, पण कागद बाहेर काढला तर त्यावरचं अक्षर माझं होतं.

वर काय झालं ते मला चहा देणाऱ्या मावशींनी सांगितलं. एक म्हणाले, या लोकांमधे जागरूकता नाही. दुसरे म्हणाले, रस्ता नाही. तिसरे म्हणाले, सोनोग्राफी मशीन जुनं आहे, एकूण व्यवस्थेचाच दोष आहे. सिस्टर शेवटी बसल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, "सगळ्या पोटावर हात नका फिरवू. कुटं दुखतंय? बोट ठेवा." कुणीच ठेवलं नाही. सहीचा कागद त्यांच्याकडं आला, त्यांनी तो तसाच पुढं सरकवला आणि खाली आल्या. सरळ माझ्या खिडकीच्या मागच्या दारानं आत.

"सोमवारचा कागद कुटाय?"

मी बोलायला लागले. गर्दी होती सिस्टर, सुट्टी होती, मला एकटीला बसवतात, सासू मधे बोलत होती, आणि डॉक्टरांनी विचारायला नको का, सगळं मीच लिहायचं का, मी काय नर्स आहे, आणि वरचे लोक...

"शैले," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "सगळ्या पोटावर हात नको फिरवू. बोट ठेव."

मी ड्रॉवर उघडला. कागद टेबलावर ठेवला. सोमवारची तारीख, माझं अक्षर. मी बोट ठेवलं, "कळा" या शब्दावर.

"ती काय म्हणली व्हती?"

"ठणाकतंय."

मला वाटलं, आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "तुझं बोट बरोबर पडलं. डॉक्टराचं वेगळं हाय, त्याचं त्यानं ठेवावं. चल."

मला वाटलं वर, मीटिंगला. त्या वॉर्डाकडं वळल्या. चांगुणा खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडली होती. सासू पायाशी. "हिला आधी सांग," सिस्टर म्हणाल्या, "त्या लोकांना मग."

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही, रडत होते एवढं आठवतं. तू ठणका म्हणालीस, मी कळा लिहिलं. चांगुणा माझ्याकडं वळली. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मला वाटलं, तुमाला आइकू आलं न्हाई. म्हनून मी आत डाक्टरला पन सांगितलंवतं. त्येनं कागद बघितला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "म्हंजी तुमी आइकलंवतं."

"हो," मी म्हटलं.

ती परत भिंतीकडं वळली. सिस्टरांनी मला "माफ कर" वगैरे काही म्हणू दिलं नाही. दंडाला धरून त्यांनी मला वर नेलं. मी सगळ्यांसमोर कागद ठेवला आणि तारीख वाचली. मग काय झालं ते ऐका, म्हणजे मी का चिडते ते कळेल. "रुग्णास उशिरा आणण्यात आले" ही ओळ त्यांनी काढली. तिच्या जागी घातलं, "परिस्थिती गुंतागुंतीची होती." पुन्हा सगळ्या पोटावर हात! मला मेमो मिळाला, तो मी घेतला, माझा होता. डॉक्टरांना काही झालं नाही, ते पुढच्या शिक्षणाला गेले, त्यांना निरोप समारंभ मिळाला. आणि ज्या एकट्या बाईनं त्या आठवड्यात पोटावर नीट हात ठेवला, तिला वॉर्डातून काढून चादरींच्या खोलीत बसवलं. परस्पर सर्जनला फोन केला, शिस्तभंग. निवृत्तीला सात महिने होते. सात महिने त्या बाईनं चादरी मोजल्या. बोटं गरम करायचं कारणच राहिलं नाही, चहा सोडला.

त्या सात महिन्यांत लोकलमधे माझ्याशी त्या बोलायच्या, पण त्याविषयी कधीच नाही. नखं मात्र दर सोमवारी कापायच्या. मी एकदा विचारलं, "आता कशाला सिस्टर?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

निवृत्तीनंतर वर्ष उलटून गेलं. परंदवडीची माणसं सांगायची, सिस्टर घरी टिकत नाहीत, डोंगरातल्या वाड्यांवर फिरतात, पोटुश्या बायांना गोळा करून काहीबाही शिकवतात. मला जायचा धीर झाला नाही.

मग एका मंगळवारी सकाळी रांगेत मान वर केली तर खिडकीपुढं चांगुणा. तिच्यामागं सासू. सासूच्या मागं, रांगेत सगळ्यांसारख्या उभ्या, साध्या सुती पातळात, पडवळ सिस्टर. बाहेरच्या टपरीवरचा चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरलेला. युनिफॉर्मशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. केस बरेच पिकले होते.

मी कोरा कागद पुढं ओढला आणि विचारलं, "काय होतंय?"

सासूनं तोंड उघडलं. "तिला आता..."

"मावशी, तुमी गप ऱ्हावा," सिस्टर मागून म्हणाल्या. "तिला तोंड हाय."

चांगुणानं माझ्याकडं सरळ बघितलं. ती विसरली नव्हती, आणि मी विसरावं असंही तिला वाटत नव्हतं. सावकाश, एकेक शब्द सुटा करत ती म्हणाली, "चौथा म्हैना. बाळतपणाला नाव घालाया आलेय. दुकत काय न्हाई." मग गजांमधून हात आत घालून तिनं माझ्या कोऱ्या कागदावर एक बोट ठेवलं. "हितं लिवा. मी म्हनले तसंच."

मी तिच्या बोटाशेजारी लिहिलं, "दुकत काय न्हाई." तिच्याच शब्दांत, "क"चा "ख" न करता, काही न सुधारता. रांग मागून ओरडत होती, ओरडू दे. कागद तिच्या बाजूला फिरवून पुढं सरकवला. चांगुणाला वाचता येत नव्हतं. ती बाजूला झाली, सिस्टर पुढं आल्या, ग्लास माझ्या टेबलावर ठेवला, आणि तेच ते बोट प्रत्येक शब्दाखाली फिरवत त्यांनी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. चांगुणानं मान हलवली. मग कागद उचलून तिनं स्वतःच आत नेला.

सिस्टर तिच्यामागं निघाल्या. दारापाशी त्यांना नव्या नर्सनं अडवलं, "आजी, नातेवाइकांनी बाहेर थांबायचं." माझी तार सटकली, मी उठून ओरडणारच होते. पण सिस्टर बाकड्यावर जाऊन बसल्या, दोन्ही तळहात मांडीवर उपडे ठेवून. ग्लास टेबलावरच राहिला होता. मी हात लावून बघितला. चहा अजून गरम होता, आणि तो मी त्यांना नेऊन दिला.